खोक्यावरचे आकडे आणि पडद्यावरचा काळोख

टीव्ही घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न 'किती इंची?' आणि दुसरा 'फोर-के आहे ना?' असतो. तिसरा किमतीचा, आणि तिथे खरेदी उरकते. चित्राची प्रत ज्यावर सर्वांत जास्त ठरते ती गोष्ट या प्रश्नांत येतच नाही, असं माझं मत इतकी वर्षं हे पडदे बघून पक्कं झालं आहे. ती गोष्ट म्हणजे पडदा काळा रंग किती काळा दाखवतो. ठिपक्यांच्या संख्येचं कौतुक मात्र गणिताला फारसं टिकत नाही. फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे वीस लाखांहून थोडे अधिक ठिपके असतात. फोर-केवर त्याच्या चौपट, सुमारे 83 लाख. पण निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखू शकत नाही. 43 इंची पडदा सुमारे 95 सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांपलीकडे बसलं की शेजारचे दोन ठिपके वेगळे दिसणं बंद होतं. आपल्या हॉलमध्ये सोफा आणि समोरची भिंत यांत आठ-नऊ फूट सहज असतात. त्यातून सेट-टॉप बॉक्सवर साधी, एसडी वाहिनी लावलेली असेल, तर मुळात येणारं चित्रच 720 गुणिले 576 चं, जेमतेम चार लाख ठिपक्यांचं. उरलेले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो.

यावर म्हणतात, फोर-के आता कुठे महाग राहिलंय? मोठ्या आकारात दुसरं मिळतं तरी कुठे? अगदी खरं. पण म्हणूनच तो आकडा निवडीच्या कामाचा राहिलेला नाही. जे प्रत्येक खोक्यावर छापलेलं आहे त्यावरून दोन टीव्हींतला बरावाईट कसा ठरवणार?

काळ्याचं तसं नाही. 'एलईडी टीव्ही' हा एलसीडीहून वेगळा प्रकार आहे, ही समजूत अजून हटत नाही. तो एलसीडीच असतो. मागचा उजेड पूर्वी बारीक ट्यूबचा होता, आता एलईडीचा आहे, इतकंच. 'क्यूएलईडी'सुद्धा एलसीडीच, रंग सुधारणारा एक थर जास्त. या सगळ्यांत मागे दिवा जळत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या झडपांसारखे उघडझाप करतात. झडप लावली तरी फटीतून उजेड झिरपतोच, म्हणून रात्रीचा प्रसंग राखाडी दिसतो. आयपीएस जातीच्या पॅनेलवर पांढरा हा काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो, व्हीए जातीच्या पॅनेलवर तीन हजारपट किंवा त्याहून जास्त. डोळ्यांना हा फरक नऊ फुटांवरूनही कळतो. जाहिरातीतला 'दहा लाखास एक' हा आकडा बहुधा दिवा मंद-प्रखर करून दोन वेगळ्या क्षणांचा काढलेला असतो. एकाच दृश्यात तो कधी दिसत नाही. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो.

प्लाझ्माचं उदाहरण मला यासाठी बोलकं वाटतं. त्याचा काळा त्या काळच्या बहुतेक एलसीडींपेक्षा सरस होता, तरी पॅनासॉनिकने 2013 च्या अखेरीस त्याचं उत्पादन थांबवलं. कारणं अनेक होती, वीजही जास्त खायचा. पण दुकानाच्या लखलखाटात तो फिका दिसायचा, आणि त्यातला गॅस दर काही वर्षांनी भरावा लागतो अशी अफवाही त्याच्यामागे लागली. गॅस ज्या बारीक पेशींत असतो, त्या कायमच्या बंद केलेल्या असतात. गॅस भरायची सोयच नसते.

भरदुपारी खिडक्या उघड्या ठेवून क्रिकेट बघणाऱ्याला काळ्याचं काय, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. खोलीतला उजेड काचेवर पडला की उत्तम काळाही राखाडी होतो. तिथे पडद्याची प्रखरता आणि कमी चकाकणारी काच जास्त उपयोगी. ओएलईडीवर एकच आकृती तासन्‌तास राहिली तर तिचा डाग उमटू शकतो. सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्यांची एकच वाहिनी, तिचा लोगो आणि खालची पट्टी चालू असणाऱ्या घराने एलसीडीच घ्यावा. (सोन्याचा मुलामा दिलेली महागडी एचडीएमआय केबल मात्र कोणीच घेऊ नये. चित्र अंकांत जातं. साधी केबल ते नीट पोचवत असेल, तर महागडी त्यात काहीही भर घालत नाही.)

दुकानात टीव्ही बहुतेक वेळा 'व्हिविड' मोडवर असतो, कारण शेजारच्या दहा पडद्यांत तोच आधी नजरेत भरतो. विक्रेत्याला तो 'सिनेमा' मोडवर लावायला सांगा, रात्रीचं एखादं दृश्य मागा, शक्य असेल तर वरचा दिवा घालवायला सांगा, आणि तुमच्या सोफ्याइतक्या अंतरावर उभे राहून बघा. विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू द्या.