कायमचा पत्ता

लॉजच्या रजिस्टराइतके नीरस पुस्तक दुसरे नाही, असे माझे परवापरवापर्यंत मत होते. नाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचे कारण! एवढे प्रश्न मुलगी पाहायला गेलो तेव्हा सासऱ्यांनीसुद्धा विचारले नव्हते.

गेल्या महिन्यात छावणीत गेलो होतो. आमच्या औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगरच्या. जन्म तिथला, नोकरी तिथली; निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे. वडिलांचे घर विकायचे होते. घरात ना लाईट ना पाणी, म्हणून जवळच्या लॉजवर गेलो. मॅनेजरने आधार कार्ड उलटसुलट पाहिले.

"काका, तुम्ही तर इथलेच. लोकल माणसाला रूम देत नाही आम्ही."

असा कायदा नाही हो! पण लॉजवाल्यांचा कायदा वेगळा. तेवढ्यात वेरूळ पाहायला आलेला एक गोरा आत आला. पासपोर्ट दाखवला, फॉर्म भरला, किल्ली घेऊन वर गेला. त्याची खबर चोवीस तासांत सरकारदरबारी पोचणार. सातासमुद्रापलीकडे जन्मला तो पाहुणा, आणि मी हाकेच्या अंतरावर जन्मलो म्हणून संशयित!

"तसं नाही काका, पोलीस आले की पहिलं रजिस्टर मागतात," मॅनेजर म्हणाला. त्याचेही खरेच. १८६७ च्या सराई कायद्यापासून मुक्कामी कोण उतरले हे सांगण्याचे ओझे सराईवाल्याच्या डोक्यावर आहे. अखेर मुलाशी फोनवर बोलून, त्याचा नंबर रजिस्टरात टिपून त्याने खोली दिली. 'येण्याचे कारण'मध्ये सगळ्यांनी 'खाजगी' लिहिले होते. मीही तेच लिहिले. 'घर विकणे' लिहायला हात धजेना.

रात्री दोनला छातीत कळ आली. मोबाईल रिकाम्या घरात विसरलेला. घंटी दाबली. लॉजवरच्या पोऱ्याने रजिस्टर उघडून मुलाला फोन लावला आणि मला रिक्षात घातले. डॉक्टरांनी निदान केले: गॅस. (संध्याकाळची भजी!) "यांच्याबरोबर कोण?" त्यांनी विचारले. पोऱ्या म्हणाला, "मी. रूम नंबर सहा आहेत हे."

साठ वर्षे ज्या गावात काढली, तिथे त्या रात्री मला ओळखणारे एवढेच होते: एक पोऱ्या आणि एक रजिस्टर.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली सोडली. खरेदीखत व्हायला संध्याकाळ झाली, गाडी चुकली. पुन्हा लॉज, पुन्हा रजिस्टर. माझ्यानंतर कोणी उतरलेच नव्हते. वरची ओळ माझीच. नाव लिहिले, वय लिहिले आणि 'कायमचा पत्ता' या रकान्याशी पेन अडले. काल तिथे ऐटीत छावणीचा घरनंबर लिहिला होता. आज ते घर दुसऱ्याचे होते.

मॅनेजरने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग माझ्या हातातले पेन घेऊन त्याने रकान्यात दोन बारीक रेघा मारल्या आणि किल्ली पुढे सरकवली.

"वरीलप्रमाणेच, काका. रूम पण तीच."