पिशवीतला गोल, चौकोन, त्रिकोण

दीड वर्षाच्या मुलाच्या हाती एक लाकडी ठोकळा द्यावा आणि पुढ्यात भोकांची पेटी ठेवावी. ठोकळा आधी तोंडात जातो. मग तो पेटीवर दोन-चारदा आपटला जातो. मग कुठल्या तरी भोकावर ठेवून मूल वरून तळव्याने दाबतं, अगदी खांदा पुढे घालून. ठोकळा गोल आणि भोकही गोल असेल तर तो धपकन आत पडतो, आणि मूल ताबडतोब भोकाला डोळा लावतं. चौकोन असेल तर अडतो. पुन्हा दाबणं, चिडणं, आईकडे बघणं. आणि केव्हातरी, पुष्कळदा नकळत, मनगट जरासं वळतं. कोपऱ्यांना कोपरे मिळतात, ठोकळा आत उतरतो. मूल क्षणभर स्वतःच्या हाताकडेच बघत राहतं.

हे मनगटाचं वळणं दिसतं तितकं साधं नाही. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या हेलेना ओर्नक्लू आणि क्लेस फॉन होफ्स्टेन यांनी १४ ते २६ महिन्यांच्या मुलांना असेच ठोकळे आणि भोकं देऊन त्यांच्या हातांच्या हालचाली बारकाईने पाहिल्या. त्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. चौदा महिन्यांच्या मुलांना ठोकळा आत घालायचा आहे एवढं कळत होतं, पण तो कसा धरावा याचा पत्ता नव्हता. बावीस महिन्यांची मुलं आडवा पडलेला ठोकळा गरज असेल तेव्हा आधीच उभा करून भोकाशी नेऊ लागली होती. भोकाच्या आकाराप्रमाणे तो वाटेतच नेमका वळवणं मात्र सव्वीस महिन्यांच्या मुलांनाच भरवशाने जमत होतं. हात पोचण्याआधी मन तिथे पोचतं, आणि हे शिकायला मुलाला तब्बल एक वर्ष लागतं. त्या वर्षात मामाचं गाव येतं, लग्नकार्यं येतात, कुलदैवताला जाणं येतं. खेळ काही घरी थांबत नाही, म्हणून खेळणंही बरोबर न्यावं लागतं.

प्रवासात मुलाला जागा किती मिळते, हे आधी बघायला हवं. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण मग त्याला स्वतःचा बर्थही नसतो. विमानात दोन वर्षांखालचं मूल मोठ्यांच्या मांडीवर बसतं. एसटीत तर प्रश्नच नाही. सकाळी मुंबईहून निघणाऱ्या मांडवी एक्स्प्रेसला मडगाव गाठेपर्यंत संध्याकाळ उलटते. एवढा सगळा वेळ मुलाचं अंगण म्हणजे आजीची मांडी आणि खिडकीखालची वीतभर फळी. खिडकीतून नदी दिसते, गाय दिसते, पूल दिसतो. रत्नागिरीजवळ साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागला की खिडकी एकदम काळी होते आणि मूल दचकून आत वळतं. अशा वेळी हाताला ओळखीचं काही लागलं, तर ते सावरतं.

घरात शोभणारी पेटी इथे गैरसोयीची ठरते. मेलिसा अँड डग या अमेरिकी कंपनीचा लाकडी घन सुबक आहे, पण त्याचे ठोकळे बारा. फिशर-प्राइसच्या बादलीत दहा. टपरवेअरचा लाल-निळा गोळा कित्येक घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला आहे. त्यात पिवळे दहा आकार, प्रत्येकावर आकडा उठवलेला, आणि दोन्ही कड्या धरून ओढल्या की गोळा मधोमध उघडतो. सगळे आकार त्याच्या पोटात राहतात, वेगळी पिशवी लागत नाही. बांधणीच्या दृष्टीने प्रवासाला याहून हुशार रचना सापडणं अवघड. पण गोळा तो गोळाच. धावत्या गाडीत तो मांडीवरून सुटला की समोरच्या बाकाखाली, आणि तिथून कुठे जाईल ते गाडी ठरवते. फॅट ब्रेन टॉइजच्या इनीबिन नावाच्या घनाला भोकंच नाहीत. त्याच्या बाजूंना ताणणाऱ्या रबरी पट्ट्या आहेत, त्यांतून बोटांनी वाट काढत ठोकळा आत सारायचा. एक वर्षाच्या बाळाला हा खेळ छान. कुठलाही तुकडा कुठूनही जातो, त्यामुळे निराशा नाही आणि फारसा आवाजही नाही. तोच खेळ दोन वर्षांच्या मुलाला मात्र काही विचारत नाही, म्हणून ते लवकर कंटाळतं.

प्रवासाला तीन ठोकळे पुरतात. फार तर चार.

हे कमी वाटेल, पण आकारांचा हिशेब बघावा. गोलाला फिरवायचं कारणच नाही, कसाही धरला तरी जातो, म्हणून तो सगळ्यांत आधी जमतो. चौकोन एका फेरीत चार वेळा जुळतो. समभुज त्रिकोण तीन वेळा. लांबट आयत दोनदाच. अर्धचंद्र पूर्ण फेरीत फक्त एकदा, आणि पुष्कळ पेट्यांत तोच मुलांना रडवतो. गोल, चौकोन आणि त्रिकोण घेतले की पहिल्या यशापासून खऱ्या कसोटीपर्यंतचा सगळा चढ त्यात आला. मूल अडीच वर्षांचं असेल तर चौथा म्हणून अर्धचंद्र न्यावा. बारा आकारांतला एक डब्यात हरवला, तर त्याचं भोक पुढे घरी आल्यावरही मुलाच्या डोळ्यांसमोर रिकामंच राहतं, आणि मुलं अशी उणीव विसरत नाहीत. तीन ठोकळ्यांवर नजर ठेवता येते.

तुकडे पेटीला दोरीने बांधलेली खेळणीही मिळतात. पडण्याची धास्ती नाही, ही त्यांची मोठी सोय. मात्र दोरी वीतभरापेक्षा, म्हणजे साधारण २२ सेंटिमीटरपेक्षा लांब असता कामा नये. गळ्याभोवती फास बसेल एवढी लांबी लहान मुलाच्या हातात कधीच देऊ नये.

मापाच्या बाबतीत तर तडजोड नाहीच. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची, तिरप्या तळाची एक नळी वापरतात. जी वस्तू दाब न देता त्यात पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते असं धरलं जातं. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, म्हणजे ते सहज आत जातं. कॅरमची सोंगटी याच मापाच्या काठावरची. पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण तीन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, आणि गाडीत मूल किरकिरलं की पहिल्यांदा हातात दिलं जातं ते नेमकं हेच झाकण. ते देऊ नये. घरी तपासायला टिश्यू पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी चांगली; ती नळी त्या मापापेक्षा रुंद असते, त्यामुळे तिच्यातून न जाणारा ठोकळा निर्धास्तपणे पिशवीत टाकता येतो. चुंबकाचे छोटे तुकडे बसवलेली प्रवासी खेळणी हल्ली फार दिसतात. असे दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. एवढ्या लहान वयात ती नकोतच.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या, चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यांना त्यातून सूट मिळाली आहे. ही सूट महत्त्वाची, कारण चांगलं लाकडी खेळणं अजूनही अशाच हातांतून येतं. बंगळुरूहून म्हैसूरला जाताना लागणाऱ्या चन्नपट्टणात काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, मऊ लाकडाला कातावर फिरवत लाखेच्या रंगीत कांड्या लावतात. घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर बसते, आणि मग केवड्याच्या वाळल्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. आपल्याकडे सावंतवाडीची चितार आळी आहेच. मांडवी जिथे थांबते ते सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून काही किलोमीटरवर मळगावला, पण कोकणात उतरणाऱ्या कित्येकांच्या परतीच्या पिशवीत तिथली लाकडी फळं असतात. काताचं काम गोलाईचं. चौकोन आणि त्रिकोण करवतीने कापावे लागतात, म्हणून कातावरच्या खेळण्यांत ते क्वचित दिसतात. कारागिराला सांगून एक जाड पाटी आणि तिच्यात बसणारे तीन ठोकळे करून घ्यावेत. त्यांचं वजन हाताला सुखावतं. लाकूड पाण्यात बुडवू नये, ओल्या फडक्याने पुसावं. गाडीच्या जमिनीवर पडलेला तुकडा धुवायचाच असेल तर सिलिकॉन बरं, ते साबणाने धुता येतं, उकळताही येतं, आणि रात्री शेजारच्या बर्थवरच्या माणसाची झोपही मोडत नाही.

दुकानात एक गोष्ट मात्र आवर्जून करावी. प्रत्येक ठोकळा प्रत्येक भोकात घालून बघावा. स्वस्त पेट्यांत त्रिकोण बिनदिक्कत चौकोनात उतरतो. असं खेळणं मुलाला खोटं सांगतं. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं. त्यांच्या साधनांतल्या लाकडी दट्ट्यांच्या संचात प्रत्येक पट्टीत दहा दट्टे असतात, आणि एक जरी चुकीच्या खाचेत गेला तरी शेवटचा उरतो किंवा बसत नाही. चूक मुलाला साधनच दाखवतं, मोठ्यांना बोलावं लागत नाही. सैल भोकांच्या पेटीत नेमकी हीच गोष्ट हरवते.

महागडं काही लागतंच असंही नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांनी ते कोसबाडच्या टेकडीवर वाढवलं. आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी त्यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पानं यांतून शिक्षणाची साधनं उभी केली. ती दृष्टी प्रवासातही कामाला येते. प्लॅस्टिकच्या झाकणाचा एखादा रिकामा डबा, झाकणात कापलेलं एक गोल आणि एक लांबट भोक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आत टाकायला लाकडी मोठा चेंडू आणि तळहाताएवढी जाड चकती. चकती उभी केली तरच जाते. उप्सालाच्या मुलांपुढे होती तीच ही कसोटी. जाताना डब्यात दोन कपडेही मावतात.

घाटात मात्र पेटी पिशवीतच राहू द्यावी. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन वर्षांनंतर सुरू होतो, आणि वळणावळणाच्या रस्त्यावर मान खाली घालून केलेला कुठलाही उद्योग तो वाढवतो. तिथे खिडकीच बरी. पेटीसाठी स्टेशनावरचा थांबा आहे, उशीर झालेल्या विमानाची वाट बघणं आहे, जेवण येईपर्यंतचा वेळ आहे.

प्रवासाला कोरं खेळणं न्यावं असा सल्ला सर्रास दिला जातो. त्यापेक्षा घरी निम्मं जमलेलं न्यावं. गोल येतो, चौकोन अजून अडतो, अशा टप्प्यावरचं. अनोळखी माणसं आणि अनोळखी आवाज यांच्यामध्ये मुलाला निदान एक गोष्ट आपली वाटते, आणि पुढची पायरीही तिथेच असते. अशा वेळी शेजारचे काका, आत्या, सगळेच मदतीला सरसावतात आणि ठोकळा मुलाच्या हातून घेऊन भोकात टाकून देतात. प्रेमानेच करतात, पण ते वळणं मुलाच्या मनगटाचं असतं. मूल अडलं तर ठोकळ्याला हात लावू नका. पेटी त्याच्याकडे जराशी कलती करून धरा, तेवढी मदत पुरे.