लोखंड पुन्हा पुन्हा भट्टीत जायचं तेव्हा

रोहिणी नक्षत्र लागतं मेच्या २५ तारखेच्या सुमारास. आमच्या कृष्णाकाठच्या गावात त्या दिवसांत लोहारसाळेपुढं फाळ, कुळवाच्या पासा, कोळप्याची पाती आणि खुरपी यांची रास पडायची. मृगाच्या आत सगळं शेवटून हवं असायचं. 'शेवटणं' म्हणजे मातीत झिजून बोथट झालेलं टोक तापवायचं, घणाखाली ओढून लांबवायचं आणि त्याला पुन्हा धार आणायची. कुणाचा फाळ कुठल्या रानातला, ते रान मुरमाड की काळं, त्यात तो किती झिजतो, हे लोहाराला पाठ असे. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. "तात्या, सांजच्याला होईल का?" असं विचारलं की ते वर न बघता म्हणायचे, "तुमच्या रानात दगड लई. टोक जरा जाड ठेवतो, मग उद्या सकाळी न्या." रोख पैसे क्वचित. सुगीत खळ्यावरून धान्य आणि पेंढ्या जायच्या, तेच बलुतं.

आज ट्रॅक्टरच्या फणाचं पातं झिजलं की दुकानातून नवं आणतात, दोन नटबोल्ट सोडून बसवतात आणि जुनं भंगारात टाकतात. काम तासाच्या आत होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण झिजलेल्या लोखंडाला पुन्हा उभं करणारं जे ज्ञान गावोगावी होतं, ते त्या भंगाराबरोबरच जातंय, याचं वाईट वाटतं.

लोहारसाळ मुद्दाम अंधारी असे. तापल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही आणि लोहाराचं तापमापक म्हणजे तो रंगच. गडद लाल झालं की साधारण सातशे अंश, नारिंगी-पिवळं झालं की हजाराच्या वर, आणि पांढऱ्यावर येऊन ठिणग्या फेकू लागलं की तेराशेच्या आसपास. दोन तुकडे टाकणखार किंवा वाळू टाकून एकमेकांत सांधायचे ते या शेवटच्या तापात. क्षणभर उशीर झाला तर लोखंड जळतं, घाई झाली तर जोड धरत नाही. बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण, शेजारी पाण्याची दगडी दोणी, भिंतीला सांडस, छिन्न्या, सुंबे आणि कानशी. तात्यांची बायको, आमच्या काकू, चामड्याचा भाता ओढायच्या आणि मुलगा घण घालायचा. तात्या हातातल्या छोट्या हातोड्यानं जिथं टिचकी मारतील, नेमका तिथंच घण पडायचा. हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला की घण थांबायचा. तिघं एकमेकांशी एक शब्द बोलत नसत आणि फाळाचं टोक मात्र हव्या त्या कोनात उतरायचं.

सगळ्यात अवघड काम पाणी देण्याचं. विळ्याचं पातं लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. दगडावर पडलं तर तुकडा उडतो. म्हणून तात्या ते विटेवर घासून चकचकीत करायचे आणि पाठीच्या बाजूनं हळूहळू ऊब द्यायचे. मग त्या चकाकीवर रंग सरकू लागायचे. आधी वाळक्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. सव्वादोनशे ते तीनशे अंशांमधला हा सगळा खेळ. कडकपणा हवा असेल तर पिवळ्यावर थांबायचं, मार सोसायचा असेल तर जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. हवा तो रंग धारेशी पोचला की पातं पुन्हा पाण्यात. तात्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण पोलाद शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकात हेच रंग ह्याच क्रमानं छापलेले सापडतात.

बैलगाडीला धाव बसवायची असली की अर्धा गाव जमायचा. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. चाक पाच फुटांचं असेल तर त्याचा घेर पावणेसोळा फूट. धाव मात्र त्याहून थोडी तोकडीच जोडलेली असे. भोवती गोवऱ्या रचून ती तापवायची. सहाशे अंश चढले की तेवढी पट्टी दीडेक इंच वाढते. मग चारपाच जणांनी सांडशींनी उचलून ती चाकावर टाकायची आणि ठोकून बसवायची. लाकूड पेट घेऊ लागायचं, तोच घागरी रित्या व्हायच्या. वाफेच्या लोटात आरे तुंब्यात करकरत घट्ट बसायचे. एकही खिळा न मारता चाक वर्षानुवर्षं एकसंध राहायचं.

हेच तत्त्व शोभेच्या लोखंडकामातही होतं. जुन्या जाळ्यांमधली वेलबुट्टी जवळून पाहा. सळीचं टोक आधी निमुळतं करून मग गरम असतानाच वळवलेलं असतं. त्यामुळं वळण आत जाता जाता बारीक होत जातं. दोन वळणं जिथं भेटतात तिथं रिव्हेट असतो, नाहीतर तापलेली पट्टी गुंडाळून आवळलेली असते. निवताना ती धावेसारखीच घट्ट होते. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, १८८८ मध्ये बांधून पूर्ण झालं. तिथल्या तिकीटघराच्या जाळ्या आणि भव्य जिन्याचे कठडे यांच्या कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. लाखो लोक रोज त्यांच्याजवळून जातात. एकदा थांबून त्यातल्या एखाद्या वळणावर बोट फिरवावं.

आज गेट करायला दिलं तर तयार फुलं, तयार भाले, एकसारख्या जाडीची वळणं बाजारातून येतात आणि वेल्डिंगनं चिकटतात. लेझरवर कापलेला पत्रा हवी ती नक्षी एका दिवसात देतो. गेट स्वस्त पडतं, सरळ असतं, सामान्य माणसाच्या घरालाही नक्षीचं दार मिळतं. ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र वेल्डच्या सांध्यात पाणी मुरून गंज चढला की दुरुस्तीला कुणी हात लावत नाही. "नवीनच करून घ्या, दादा," असं उत्तर मिळतं.

बदल एकदम आला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथून लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दारात गेले आणि लाकडी नांगराचं काम हळूहळू कमी होत गेलं. पुढं ऊस पट्ट्यात टायरच्या गाड्या आल्या आणि धाव बसवणं थांबलं. मग ट्रॅक्टर आला. विजेबरोबर वेल्डिंगचा होल्डर आणि ग्राइंडर आला. उन्हाळ्यात गावाबाहेर पाल ठोकणारे घिसाडी आता फार कमी दिसतात. त्यांच्या बायका कडेवरचं मूल खाली ठेवून घण उचलायच्या, तो ताकदीचा घाव माझ्या पिढीनं पाहिला आहे.

त्या कष्टांचं मी गुणगान करणार नाही. भात्याच्या धुरानं काकूंची छाती भरली होती. बलुत्याची पेंढी देताना हात आखडणारे लोक होते आणि दुष्काळी वर्षी लोहाराच्या घरात सगळ्यांच्या आधी चूल विझायची. तात्यांची नातवंडं शिकून नोकरीला लागली, हे त्या घराच्या हक्काचंच आहे. भाता गेला त्याचं दुःख नको. भट्टीत काय घडतं हे ओळखणारी नजर टिकवता आली असती, हे खरं दुःख.

आणि ती नजर अजून टिकवता येईल. आमच्या तालुक्याच्या गावी एक वेल्डिंगवाला तरुण भंगारातला तुकडा ग्राइंडरला लावून ठिणग्या बघतो. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटतात. तेवढ्यावरून तो ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा निवडतो आणि ऊसतोडीचे कोयते करतो. ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या ते कोयते मागून नेतात, कारण ते वाकत नाहीत आणि धार धरतात. भट्टीला त्यानं विजेचा पंखा जोडला आहे, पण पाणी देताना दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतो, रंग दिसावेत म्हणून. तात्यांना त्यानं कधी पाहिलेलं नाही. तरी काम तेच आहे.

असा एखादा माणूस तुमच्याही आसपास असेल. बोथट कोयता, वाकलेली पहार, सैल झालेला कडी-कोयंडा फेकण्याआधी त्याच्याकडं न्या. नव्या वस्तूला जो भाव देता, त्याच मनानं दुरुस्तीचा भाव द्या. आयटीआयमध्ये वेल्डर-फिटरच्या पोरांना आठवड्यातून एक दिवस भट्टीपुढं उभं करा. ही विद्या संग्रहालयात जपायची नाही. ती कामाला लावली तरच उरेल आणि कामाला लावायचं आपल्याच हातात आहे.