वेगाचा वर्ग

सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडवर एक मोटार कठडा तोडून थेट समुद्रात पडली. महाराष्ट्र सुरक्षा बलाच्या जवानांनी चालकाला बाहेर काढलं, म्हणून तो वाचला. त्याच वर्षी फेब्रुवारीत हाजी अलीजवळ भरधाव गाडी उलटली, तेव्हा एक विद्यार्थिनी वाचली नव्हती. दोन्ही वेळा चर्चा झाली ती चालकाची. ती व्हायलाच हवी. पण माझी नोकरी रस्त्यांची वळणं आखण्यात गेली. त्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो कठड्याचा. तो माणसांना टेकायला बांधलेला होता, की ताशी ऐंशीने आदळणारी गाडी पुन्हा रस्त्यावर वळवायला? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला क्रॅश बॅरियर म्हणतात आणि ती गाड्या आदळवून तपासलेली असावी लागते.

संपादकांनी लेख मागताना बजावलं होतं, सूत्रं नकोत. एक मात्र टाळता येणार नाही.

वळणावर गाडीला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्याला तोंड द्यायला रस्त्याकडे दोनच साधनं असतात: टायर आणि डांबरातलं घर्षण, आणि वळणाची उचललेली बाहेरची कड, म्हणजे सुपरएलिव्हेशन. आपल्याकडच्या डिझाइनमध्ये, गाडीच्या वजनाच्या प्रमाणात, घर्षणाचे 0.15 आणि उताराचे जास्तीत जास्त 0.07 धरतात, एकूण 0.22. उदाहरणादाखल 100 मीटर त्रिज्येचं वळण घ्या. ताशी 40 ने गेलात तर लागतात 0.13. ताशी 80 ने गेलात तर 0.50! कोरड्या रस्त्यावर चांगले टायर थोडंफार निभावून नेतात. जुलैतल्या ओल्या रस्त्यावर ते नेत नाहीत. ‘गाडीवरचा ताबा सुटला’ असं बातमीत छापून येतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो.

मुंबईतून जलद मार्ग काढण्याची कल्पना जुनी आहे. विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीलाच तसे मार्ग सुचवले होते. प्रत्यक्षात हाती आले ते तुकडे. 1965 मध्ये केम्प्स कॉर्नरचा पूल झाला, 2009 मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू, 2013 मध्ये पूर्व मुक्त मार्ग, आणि 12 मार्च 2024 ला कोस्टल रोडची वरळीहून मरीन ड्राइव्हकडे जाणारी बाजू. पुढे सप्टेंबरात तो सेतूला जोडला गेला. लांबी 10.58 किलोमीटर, खर्च सुमारे 14 हजार कोटी. गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलच्या पोटातून बारा मीटरहून अधिक व्यासाच्या ‘मावळा’ यंत्राने जुळे बोगदे खोदले. ते काम पाहिलेल्या कोणाही अभियंत्याला अभिमान वाटेल. मलाही वाटतो.

माझी तक्रार या रस्त्याच्या आखूडपणाची आहे. लोकांना वाटतं, रस्ता जितका रुंद आणि मोकळा तितका सुरक्षित. लांब महामार्गावर हे काही अंशी खरंही असेल, कारण तिथे एकच वेग तासभर टिकतो. इथे ऐंशीने गेलात तर आठ मिनिटांत रस्ता संपतो, आणि तेवढ्यात अमरसन्स, हाजी अली, वरळी अशा तीन ठिकाणी गाड्या आत येतात, बाहेर पडतात. सरळ भागात वेगमर्यादा 80, बोगद्यात 60, वळणांवर आणि चढउतारांच्या मार्गिकांवर 40. बोगद्यापाशी चारच्या तीन लेन होतात. काही मिनिटं ऐंशीने गेल्यावर डोळे त्या वेगाला सरावतात. मग पन्नासवर आलात तरी गाडी रेंगाळतेय असं वाटतं. त्या क्षणी चालक काट्याकडे बघत नाही, रस्ता काय सांगतो ते ऐकतो. समोरचा रस्ता चार लेन रुंद, पलीकडे उघडा समुद्र. तो ‘जा’ म्हणतो, आणि खांबावरची पाटी ‘40’ म्हणते. अशा वेळी पाटी हरते.

म्हणून वेग पाटीने नव्हे, आखणीने उतरवावा लागतो. वळणाच्या बऱ्याच आधीपासून लेन अरुंद दिसू लागावी, आडव्या पट्ट्या क्रमाने जवळ येत जाव्यात, वळणाची बाहेरची कड बाणफलकांनी रात्रीही स्पष्ट दिसावी. वेग पकडणारे कॅमेरे हवेतच. पण चलान घरी येतं तोवर वळण मागे पडलेलं असतं.

दुसरा आवडता उपाय म्हणजे बंदी. जे. जे. उड्डाणपुलावर 2010 मध्ये दुचाकी बंद केल्या, कोस्टल रोडवर त्या पहिल्या दिवसापासून नाहीत. तीव्र वळणावर दुचाकीला धोका जास्त, हे मान्यच. तरीही लालबाग-परळहून नरिमन पॉइंटला कामावर जाणारा मुलगा दुचाकीवरच असतो. त्याला जुन्या रस्त्यांच्या गर्दीत ठेवायचं आणि नवा रस्ता मोटारींना द्यायचा, याला मी सुरक्षा मानत नाही. धोका एका रस्त्यावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला, एवढंच त्यात झालं.

सर्वांत जास्त चीड येते ती ‘बेदरकार चालक’ एवढ्यावर संपणाऱ्या तपासाची. ऑक्टोबर 2022 मध्ये सागरी सेतूवर एका अपघातासाठी रुग्णवाहिका थांबली होती. मागून आलेल्या भरधाव गाडीने तिथल्या वाहनांना आणि माणसांना धडक दिली, पाच जण गेले. चालक दोषीच. पण ताशी 80 ने येणाऱ्याला धोका ओळखून गाडी थांबवायला सुमारे 130 मीटर लागतात, 120 ने येणाऱ्याला जवळजवळ 250. थांबलेल्या वाहनांच्या किती मागे इशारा असायला हवा, ते या आकड्यांवरून ठरतं. विमान पडलं की चौकशी वैमानिकापाशी थांबत नाही. यंत्र, धावपट्टी, नियंत्रण कक्ष सगळं तपासतात. रस्त्याला मात्र कोणी साक्षीला बोलावत नाही.

माझी महापालिकेला आणि वाहतूक पोलिसांना विनंती आहे. कोस्टल रोडवरच्या प्रत्येक गंभीर अपघातानंतर त्या जागेची त्रिज्या, उतार, कठड्याचा प्रकार आणि गाडीचा अंदाजे वेग मराठीत प्रसिद्ध करा. आणि वाचकांनो, आपल्या नगरसेवकाकडे रस्त्याचा रंग किंवा नाव मागण्याआधी या चार गोष्टी मागा.