पानगळीचे रान

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतले रान मार्च ते मे या महिन्यांत पाहिले तर त्याच्याविषयी माया वाटणे अवघड आहे. साग, ऐन, हेद, कळंब, धावडा यांची पाने गळून गेलेली असतात, जमीन तापलेली असते, कुठे ना कुठे वणवा लागून गेल्याचे काळे डाग दिसतात. जागा बघायला येणारेही बहुधा याच दिवसांत येतात, कारण तेव्हा गाडी आतपर्यंत जाते. या भागातल्या जंगलतोडीविषयीच्या चर्चा मी बरीच वर्षे ऐकत आणि वाचत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी एक वाक्य हमखास भेटते : 'इथे जंगल आहेच कुठे? नुसती झुडपे तर आहेत.' धरण असो, रस्ता असो की बंगल्यांचे प्लॉट, रान मोकळे करण्याचे समर्थन याच वाक्यापासून सुरू होते. ते चुकीचे आहे असे मी पुराव्यानिशी म्हणतो. पानगळीचे हे जंगल उन्हाळ्यात विरळ दिसते, तरी ते पूर्ण जंगल आहे, आणि एकदा मुळासकट गेले की दुसरीकडे रोपे लावून ते परत मिळत नाही.

वनपिंगळ्याचे उदाहरण घ्या. या लहानशा घुबडाची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये झाली, नंतर तो दिसेनासा झाला, आणि शंभराहून अधिक वर्षे नामशेष मानला गेल्यावर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पश्चिम घाटाच्या बाजूला तो असेल असे कोणाला वाटत नव्हते. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात दिसला, म्हणजे याच 'झुडपांच्या' पट्ट्यात. त्याला सागाचे मोकळे, पानगळीचे रान लागते. उंदीर, सरडे पकडायला उघडी जमीन लागते आणि घरट्याला जुन्या झाडाची ढोली लागते. आपल्याला उणेपणा वाटतो तोच त्याचा अधिवास आहे. जमिनीखालची गोष्ट तर याहून दुर्लक्षित. पहिल्या पावसाबरोबर मुरबाड, शहापूरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं आणि सोबत काकडं घेऊन बसतात. काकडाचे आंबट फळ घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही, म्हणून दोन्ही एकत्रच विकली जातात. शेवळाचा कंद वर्षाचा बराच काळ मातीत निपचित असतो, काकड हे रानातले मोठे झाड. पाठोपाठ कोरल, भारंगी, करटोली येतात. यातले बहुतेक कोणी पेरत नाही. जेसीबीने वीतभर माती खरवडली की कंद संपले, आणि त्याबरोबर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी घरांतली पावसाळ्याच्या तोंडची भाजी आणि रोख पैसाही संपला.

यावर ठरलेले उत्तर असते की कायद्याने पर्यायी वनीकरण करावेच लागते. ते खरे आहे. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यापासून ती अट आहे आणि २०१६ च्या कायद्याने त्या निधीची व्यवस्थाही लावून दिली. पण ही भरपाई हेक्टर आणि रोपे मोजते. ती दुसऱ्या जिल्ह्यातही करता येते. तिथे लावलेल्या रोपाला ढोली धरायला कित्येक दशके लागतील, आणि मोहाची फुले वेचणाऱ्या इथल्या बाईला त्या रोपाचा काहीच उपयोग नाही. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : आदिवासी शेतकरी स्वतःच राब, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजण्यासाठी फांद्या तोडतात, मग रान कोणी उजाड केले? राबाचा ताण झाडांवर पडतो, हे मी नाकारत नाही. पण त्यात खोड आणि मूळ शिल्लक राहते, आणि ऐन काय किंवा साग काय, पुन्हा फुटतात. या रानाने पूर्वीची लाकूडतोड आणि कोळशाच्या भट्ट्याही पचवल्या त्या याच बळावर. सपाटीकरणानंतर फुटायला काही उरतच नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचा. तानसा धरण १८९२ चे, आणि भातसा एकटे मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा उचलते. ही दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. आता महानगराची तहान वाढली म्हणून मुरबाडमध्ये काळू नदीवर धरण हवे, शहापूरशेजारच्या वाडा तालुक्यात तानसा अभयारण्याच्या भागात गारगाई धरण हवे. काळूसाठी सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन जाणार होती. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झाले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. शहराला पाणी नको असे कोण म्हणेल? मात्र हिशेब पाहा. मुंबईला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळते आणि त्यातले किमान पाव गळती व चोरीत जाते असे सातत्याने मांडले गेले आहे. पाव म्हणजे नऊशे दशलक्ष लिटरहून अधिक. गारगाईतून मिळणारे पाणी आहे रोज ४४० दशलक्ष लिटर. जुन्या नळांत आणि सांडपाण्याच्या पुनर्वापरात पैसा घालण्याआधी लाखो झाडांवर कुऱ्हाड चालवणे मला अन्यायाचे वाटते. धरणाभोवतीचे रान पावसात वाहणारी माती अडवते, गाळ कमी येतो. म्हणजे ते रान मुंबईच्याच पाण्याची राखण करते आहे.

राहिला रोजगार. समृद्धी महामार्गाचा, शहापूर तालुक्यातून जाणारा, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ता झाला, तो उखडा असे मी म्हणणार नाही. प्रश्न त्याच्या दुतर्फा वाढणाऱ्या जमिनींच्या भावाचा आहे. प्लॉट पाडले की स्थानिकाच्या वाट्याला एकरकमी पैसे, आणि फार तर बंगल्याची राखणदारी येते. मोह, हिरडा, बेहडा, रानभाज्या दर वर्षी उत्पन्न देतात. तरुणांना काम हवेच, पण त्यासाठी आधीच मोकळ्या असलेल्या, औद्योगिक म्हणून ठरलेल्या जमिनी आहेत. रान हीच एकमेव जागा आहे असे भासवणे खोटे आहे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. शहापूर-मुरबाडमधल्या ज्या गावांनी अजून सामूहिक दावे दाखल केले नाहीत, त्यांनी ते आता करावेत, कारण दावा मंजूर झालेल्या गावाला विचारल्याशिवाय प्रकल्प पुढे नेणे अवघड होते. आणि वनजमीन वळवण्याचा प्रस्ताव आला की जागेची पाहणी एकदा पावसाळ्यात, तिथल्या बायकांना सोबत घेऊन व्हावी, ही मागणी मुंबई-ठाण्यात राहून इथले पाणी पिणाऱ्या आपण सर्वांनी लेखी करावी.