दोघांची होडी



बालमित्रांनो आणि पालकांनो, ओंगारहून आपली धाव बहुधा ब्लँचर्ड्सटाउनच्या दुकानांपर्यंत. पण हॅन्सफिल्डला आगगाडीत बसून शहरात डार्ट पकडली की होथचे बंदर येते. तेथल्या यॉट क्लबाचा रॉबर्ट डिक्सन आणि किनाऱ्याने आणखी वर असलेल्या स्केरीज गावचा शॉन वॅडिलव्ह, ही दोन नावे सध्या आमच्या घरी रोज ऐकू येतात. कारण आमची तेरा वर्षांची कन्या. तिला शिडाच्या होडीचे वेड लागले आहे.

हे दोघे 'फॉर्टीनाइनर' होडी चालवतात. लांबी जेमतेम पाच मीटर, इंजिन नाही, शिडे मात्र होडीच्या मानाने अवाढव्य. ती उलटू नये म्हणून दोघेही होडीच्या कडेवर पाय रोवून, डोलकाठीच्या तारेला लटकून, पाण्यावर आडवे होतात. मला खरी गंमत वाटली ती कामाच्या वाटणीची. वाऱ्याच्या दिशेने वर जाताना सुकाणू एकाच्या हातात आणि मोठ्या शिडाचा दोर दुसऱ्याच्या! म्हणजे मोटारीचे चाक नवऱ्याकडे आणि ॲक्सिलरेटर बायकोकडे. (प्रयोग घरी करू नये.) मी वीस वर्षे सॉफ्टवेअर लिहिते. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी नीट बोलावेत म्हणून आम्ही आधी पानेच्या पाने नियम लिहितो. इथे खारे पाणी तोंडावर घेत, एका शब्दात सगळे उरकायचे असते.

२०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेय येथे या जोडीने तेवीस वर्षांखालील जगज्जेतेपद मिळवले. मग टोकियो ऑलिंपिक, जे २०२१ मध्ये झाले. तेथे दोघांपैकी एकाच्या कमरेचा पट्टा, ज्याने तारेला लटकतात तो, तपासणीत नियमापेक्षा जड भरला. जास्तीचे वजन शंभर ग्रॅमसुद्धा नव्हते. पण दोन शर्यतींतून बाद! पट्टा एकाचा, गुण दोघांचे गेले. शेवटी ते तेरावे आले. त्याच शर्यतीत आपल्या चेन्नईचे गणपती आणि वरुण ठक्कर होते, ते सतरावे. आमच्या घरात दोन्ही होड्या 'आपल्या', त्यामुळे मोठीच पंचाईत.

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिकची शिडाची शर्यत पुन्हा मार्सेयलाच होती. त्याआधी या दोघांना आयर्लंडच्याच दुसऱ्या एका जोडीला मागे टाकावे लागले, कारण एका देशाची एकच होडी. तिकडे ते चौथे आले. पदके तीनच असतात. या खेळात आयर्लंडच्या जोडीला पदक मिळाले ते १९८० साली, विल्किन्स आणि विल्किन्सन यांना, रौप्य.

आपल्याकडेही ही परंपरा आहे बरे का. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईला झाल्या (दिल्लीला समुद्र कुठून आणणार?) आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकले. तारापोर पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकना गेले, आणि तिन्ही वेळा जोडीदार वेगळा. दर वेळी नव्या माणसाचे वजन, वेग, राग-लोभ ओळखायचे. मला तर हे पदकाहून अवघड वाटते.

आता आमचे घरचे. कन्या आणि तिची शाळेतली आयरिश मैत्रीण दोघांच्या छोट्या 'फिव्हा' होडीवर शिकतात. क्लबाचा सराव शनिवारी सकाळी. आपला मराठीचा वर्गही शनिवारी सकाळी! घरात दोन आठवडे वाद झाला. "मराठी आधी" असे मी ठणकावून सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी वर्गाला आले तर माझा एकच सराव बुडत नाही. ती पण किनाऱ्यावर बसून राहते." आमच्या लहानपणी अभ्यास, परीक्षा, नंबर, सगळे ज्याचे त्याचे असे. एकाच्या गैरहजेरीने दुसऱ्याचे पेपर बुडत नसत. यावर मला उत्तर सुचले नाही. ह्यांनाही नाही.

बाईंशी बोलून असे ठरले आहे : मे, जून आणि सप्टेंबरात ती समुद्रावर, बाकी वर्षभर वर्गात. त्या तीन महिन्यांचा गृहपाठ मी घरी करून घ्यायचा आणि ह्यांनी दर शनिवारी वर्गातून आणायचा. मोडी लिपीचा धडा तेवढा ऑक्टोबरनंतर ठेवावा, ही बाईंना नम्र विनंती, कारण तो मलाही येत नाही.

जाता जाता : होडी वळताना शिडाचा दांडा डोक्यावरून सपकन फिरतो, तेव्हा कन्या घाईत मराठीतच ओरडते. त्यामुळे तिच्या मैत्रिणीला आता 'वाक!', 'सोड!' आणि 'अगं, धर ना!' एवढे मराठी उत्तम येते.

— एक पालक, ओंगार