किलिमांजारोच्या चढाईचा हिशेब

टांझानियातील किलिमांजारो हा आफ्रिका खंडातील सर्वांत उंच पर्वत. त्याच्या उहुरू शिखराची उंची ५८९५ मीटर आहे. तरीही रूढ वाटांवर दोर लावावे लागत नाहीत, की बर्फात कुऱ्हाड रोवावी लागत नाही. धडधाकट माणूस चालत माथ्यावर पोचू शकतो. एवढे ऐकूनच अनेक घरांत बेत ठरतो, आणि बेत चुकतोही तेथेच. मारंगू वाटेचे प्रवेशद्वारच सुमारे १८७० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटरच्या माथ्याहून वर आहे. शिखरावर प्राणवायू समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच मिळतो. चढ पायांना जमतो. विरळ हवेची सवय होण्यास मात्र शरीराला दिवस द्यावे लागतात.

परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय या पर्वतावर चढता येत नाही, म्हणून पहिले काम दरपत्रके मागविण्याचे. पाच दिवसांची सफर स्वस्त, सात-आठ दिवसांची महाग. व्यापारी घरातील नजर साहजिकच स्वस्ताकडे वळते. परंतु राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क सरकारी असून ते दिवसांवर आकारले जाते. त्यात कोणालाच सूट देता येत नाही. म्हणून वाट तीच, दिवस तितकेच आणि दर मात्र पुष्कळ कमी असेल, तर ती सूट कोणाच्या तरी खिशातून येते, हे दुकानदाराला सांगावे लागू नये. बहुधा तो खिसा हमालाचा असतो. हमालाच्या पाठीवर किती किलो देता (वीस ही मर्यादा आहे), त्याला दिवसातून किती वेळा जेवण मिळते, तो कोठे निजतो, मजुरी केव्हा चुकती होते, हे चार प्रश्न पत्रातच विचारावेत. टाळाटाळीचे उत्तर आले तर व्यवहार तेथेच थांबवावा.

आता दिवसांविषयी. मारंगू वाटेवर मंडारा २७२०, होरोंबो ३७२० आणि किबो ४७२० मीटरवर आहे. पाच दिवसांच्या सफरीत रोज रात्री हजार मीटर वर मुक्काम पडतो. हे फार घाईचे होते. होरोंबोला एक जादा दिवस काढला, तरी पुष्कळ फरक पडतो. माचामे वाटेवर लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४६०० मीटर, चढून रात्री बारांकोला चार हजारांच्या खाली येऊन झोपतात. दिवसा उंच चढावे आणि रात्री खाली निजावे, हा या पर्वतावरील खरा उपचार. मार्गदर्शकांच्या तोंडी दिवसभर ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, हेच असते. डोके दुखणे, मळमळणे येथे नवलाचे नाही. पण तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच क्षणी खाली उतरावे लागते. अशा वेळी भरलेल्या पैशांचा विचार करणारा माणूस जिवावर उदार होतो. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह असणाऱ्यांनी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे.

जेवणाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाय’ आणि चपातीला ‘चपाती’च म्हणतात. मात्र तळावरील सारात बटाटा, गाजर, कांदा हमखास असतो. म्हणून कंदमुळे वर्ज्य असल्याचे नुसते ‘शाकाहारी’ म्हणून न सांगता जिन्नसांची यादीच कळवावी. पाणी उकळून मागता येते. चामड्याऐवजी कृत्रिम धाग्याचे बूट मिळतात. जाकीट आणि झोपण्याची पिशवी भाड्याने घेताना आत पक्ष्यांची पिसे आहेत की कृत्रिम भराव, हे अवश्य विचारावे.

विषुववृत्ताजवळ सूर्यास्त वर्षभर साडेसहाच्या सुमारास होतो. त्याआधी जेवण मिळणे कठीण नाही. अडचण शिखराच्या रात्रीची आहे. मध्यरात्री निघून उजाडेपर्यंत, कडाक्याच्या थंडीत, पाण्याचा घोटही न घेता चढणे धोक्याचे आहे. चौविहार पाळणाऱ्यांनी हा प्रश्न घरीच, डॉक्टर आणि वडीलधारे यांच्यासमक्ष सोडवावा. दिवसाउजेडी चढण्याची सोय काही मार्गदर्शक करतात, पण ती आधी ठरवावी लागते, आणि उतरताना उशीर होतो तो वेगळाच.

मार्चअखेर ते मे आणि नोव्हेंबर हे पावसाचे महिने टाळावेत. निघण्यापूर्वी मोशी गावात सुटे पैसे करून ठेवावेत. शेवटच्या सकाळी स्वयंपाकी, मार्गदर्शक आणि हमाल एकत्र जमतात. तेव्हा प्रत्येकाची बक्षिशी सर्वांसमोर मोजून ज्याच्या त्याच्या हातात द्यावी; एकाकडे गठ्ठा सोपवू नये.